जुनी पिकअप घ्यायचीय? आधी हातोडी घ्या

मोगऱ्याची रोपं न्यायला पुण्याहून आलेले एक गृहस्थ रोपं बघायची सोडून आमच्या गाडीभोवतीच घिरट्या घालत होते. फाळका उघडला, परत लावला, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, ही द्यायचीय का? फार्महाऊसला मला अशीच जुनी पिकअप हवीय. काय लुक आहे हिला!"

लुक म्हणजे काय, तर डाव्या अंगाला ट्रॉलीनं पाडलेला पोचा, एक दरवाजा दुसऱ्याच गाडीचा, आणि मूळचा पांढरा रंग आता शिळ्या ताकासारखा. २००४ सालची टाटा २०७ आहे. उरुळी कांचनजवळ आमची नर्सरी आहे आणि २०१६ पासून ही गाडी आमची तांबडी माती, शेणखत, कोकोपीट आणि रोपं वाहतेय. ती मी विकणार नाही हे त्यांना सांगितलं. पण दुसरी शोधताना काय बघायचं तेही सांगितलं, मध्येमध्ये गिऱ्हाइकं येत होती म्हणून तुटक तुटक. इथं सलग लिहिते.

जुनी पिकअप हवीशी का वाटते, ते मला नीट माहीत आहे. हौदा कमरेएवढ्या उंचीवर असतो, त्यामुळे बारा बाय बाराच्या पिशवीतलं आंब्याचं कलम मी एकटी उचलून ठेवू शकते, हमाल लागत नाही. ओरखडा पडला तर जीव खाली-वर होत नाही. घमेलं हौद्यात बिनधास्त आपटता येतं. आणि गाडीचं काय दुखतंय ते कानाला कळतं. नवी गाडी रुसली की आधी दिवा लागतो, मग त्या दिव्याचा अर्थ सांगणारा मशीनवाला शोधायचा. आमची रुसली की कुरकुरते, खडखडते नाहीतर धूर सोडते, आणि गावातला मिस्त्री पानाची पिंक टाकायच्या आत सांगतो, "क्रॉस गेलाय वहिनी." क्रॉस म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा सांधा.

पण हा सगळा आनंद गाडी घेताना काय आधी बघता त्या क्रमावर अवलंबून आहे. माणसं सगळ्यात आधी बॉनेट उघडतात. मी म्हणते, बॉनेट सगळ्यात शेवटी. पहिले कागद, मग चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मग इंजिन. इंजिन उतरवून नव्यानं बांधता येतं, त्याचा नटसुद्धा पुण्याच्या नाना पेठेत मिळतो. कुजलेली चासी बदलण्यात उरलेल्या गाडीचे पैसे जातात. आणि कागद बिघडलेले असतील तर उभी असते ती गाडी नव्हे, भंगार. ते पूजेच्या दिवशी हार घालायला बरं.

हे शहाणपण मी दहा हजारांना विकत घेतलंय. २०१५ मध्ये एका एजंटानं एक गाडी दाखवली होती. इंजिन असं की मांजर घुरघुरावं. मी खूश, लगेच दहा हजार विसार दिला. नंतर आरसी बुक हातात घेतलं तर त्यावर फायनान्सचा बोजा. एजंट म्हणाला, "कर्ज फिटलंय ताई, फक्त एचपी, म्हणजे तो बोजा, उतरवायची राहिलीय." ते 'फक्त' चार महिने चाललं. मूळ मालक गाव सोडून गेलेला, फायनान्सवाल्यांचं ते ऑफिस बंद झालेलं, आणि त्यांच्या सही-शिक्क्याशिवाय बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म पुढं सरकत नाही. विसार बुडाला. गाडी अजून त्याच गोठ्यात उभी आहे म्हणे, मांजराला तरी उपयोग होत असेल.

तेव्हा कागदाकडे असं बघा. गाडी बघायला जाण्याआधीच नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाका. मालक कितवा, विमा कधीपर्यंत, पासिंग (आरटीओचा गाडी ठीक असल्याचा दाखला) कधीपर्यंत, बोजा आहे का, हे घरबसल्या दिसतं. ई-चलनं वेगळी तपासा. जुन्या मालवाहू गाडीवर पाच-सात हजारांची थकबाकी सहज निघते आणि ती ज्याच्या नावावर गाडी त्याच्या गळ्यात पडते. विकणारा म्हणाला की "पासिंग संपलंय, पण होऊन जाईल", तर त्याला म्हणायचं, "मग करून द्या, पैसे तेव्हाच देते." मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दर वर्षी करावं लागतं. महाराष्ट्रात त्याच सुमारास पर्यावरण करही लागू होतो, त्याची पावती मागा. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या पासिंगची फी २०२२ पासून बरीच वाढलीय, तेवढे पैसे भावातून कापून घ्यायला लाजू नका. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का, तेही बघा.

नावावर करताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर २८ नंबरची एनओसी. विकणाऱ्याची सही कोऱ्या फॉर्मवर घेऊन ठेवायची नि 'बघू नंतर' म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. तसं करू नका. कायद्यानं घेणाऱ्याला तीस दिवस मिळतात. त्या आधी काही अपघात झाला तर दोघंही कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसतात.

एक भीती मात्र काढून टाका. पिवळी नंबर पाटी म्हणजे वेगळं लायसन लागतं असं गृहस्थांना वाटत होतं. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन चालतं, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. शिवाय गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकट, तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. हा आकडा आरसीवरच असतो. तो वाचा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

कागद जुळले की कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन गाडीकडे जा. बहुतेक गाड्यांचा चासी नंबर पुढच्या उजव्या चाकाच्या आसपास चासीवरच ठोकलेला असतो. त्यावरची माती फडक्यानं पुसा, कागद ताणून धरा आणि पेन्सिल आडवी करून घासा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. आकडे उमटतील. प्रत्येक आकडा सारख्या उंचीचा आणि सारख्या खोलीचा हवा. एखादा आकडा वाकडा निघाला, शेजारी घासकाम केल्याची चमक दिसली किंवा तिथंच ताजा रंग असला, तर चहाही न पिता निघा. तसाही हा छाप पुढं आरटीओत लागणार आहेच, काम वाया जात नाही.

आता हातोडी. मोठी घण नको, खिळे ठोकायची पुरते. जुनं पोतं अंथरा, गाडीखाली आडवे व्हा आणि चासीवर मागून पुढं वीत-वीतभर अंतरावर टकटक करत या. चांगलं लोखंड 'ठण' म्हणतं. कुजलेलं 'भद' म्हणतं, आणि पापुद्रे तुमच्या तोंडावर पडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा घ्या. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथं चासीला अडकतात ती जागा आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या जास्त वेळ ठोका. पाणी तिथंच साचतं. चासीला कुठं वेल्डिंग करून जादा पट्टी मारलीय का बघा. पट्टी म्हणजे तिथं एकदा तडा गेला होता. आणि वीस वर्षांच्या गाडीची चासी खालून काळीकुळकुळीत, नव्यासारखी दिसत असेल तर ती कौतुकाची गोष्ट नव्हे. रंग ओला नसला तरी हेतू ओला असतो.

खाली आहातच तर पाट्यांची पानं मोजा. डाव्या-उजव्या बाजूची संख्या सारखी हवी. एखादं पान बाकीच्यांपेक्षा नवं, जाड दिसलं तर मालकानं ते वाढवून घेतलेलं असतं, म्हणजे एक टनाच्या गाडीत दोन टन भरत होता. आमच्या पट्ट्यात असं दिसलं की पहिला संशय वाळूचा. वाळू वाहिलेली गाडी मी फुकट दिली तरी घेणार नाही. ओल्या वाळूनं हौदा आतून खाल्लेला असतो, चासी पिळलेली असते आणि ब्रेक रडकुंडीला आलेले असतात. हौद्याच्या फळीच्या फटीत नखानं खरवडून बघा, काय वाहत होती ते गाडी स्वतः सांगते. आमच्या गाडीच्या फटीत कांद्याची टरफलं निघाली होती. कांदा हलका नाही, पण कोरडा तरी असतो.

टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर म्हणजे वाळलेली भाकरी, मोडणार हे नक्की. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, असतील तर तसाच भाव करा.

आता उघडा बॉनेट. पण आधी त्यावर तळहात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधी त्यानं गाडी चालू करून ठेवलीय. का ठेवलीय, ते थंड गाडीच्या पहिल्या स्टार्टला कळलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. स्टार्ट झाल्यावर थोडा धूर चालतो. निळा धूर थांबेचना तर इंजिन ऑईल पितंय. काळा येत राहिला तर डिझेलचे पंप-नोझल बघावे लागतील. पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलंय. इंजिन चालू असताना ऑईल भरायच्या तोंडाचं झाकण काढा. तिथून इंजिनाच्या ठोक्याबरोबर धूर फुसफुसत बाहेर आला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या कडेनं वायू खाली गळतोय, रिंगा-लायनरचं काम निघणार. एवढ्यानं लगेच नाही म्हणू नका. कागद आणि चासी चोख असतील तर इंजिनच्या कामाचा अंदाज मिस्त्रीकडून घ्या आणि तेवढे पैसे कमी करा. माझ्या गाडीचं असंच झालं. बॅक मारत होती म्हणून तीन गिऱ्हाइकं परत गेली होती आणि म्हणूनच मला १ लाख ३५ हजारांत मिळाली. इंजिनकामाला ४८ हजार गेले. त्यानंतर आजतागायत हेड उघडलेलं नाही.

मोकळी गाडी कुठलीही पळते. विकणारा तुम्हाला हायवेवर फिरवून आणेल, हसून मान डोलवा आणि मग भरून बघायचं म्हणा. सिमेंटच्या वीस गोण्या म्हणजे बरोबर एक टन. आम्ही मातीच्या पिशव्या भरून शिंदवणे घाटात नेली होती. उरुळीवरून सासवडला जाताना तो लागतो, लहान आहे पण वळणं गाडीची सगळी गुपितं काढतात. चढावर क्लच दाबून सोडताना इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी सरकत नाही, तर क्लच प्लेट संपली. उतारावर पाय सोडल्यावर गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्स. ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढलं तर चाकं उघडून बघावी लागतील. वर पोचल्यावर पाण्याचा काटा बघायचा आणि इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं तसंच ठेवायचं.

कुठली घ्यायची, यावर मी फार वाद घालत नाही. टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) १९८८ मध्ये टाटा मोबाइल २०६ काढली, २०७ त्याच घराण्यातली. महिंद्राच्या पिकअप खेड्यापाड्यात उदंड आहेत. टाटा एस २००५ मध्ये आली, तिचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, आणि लोकांनी तिला लगेच छोटा हत्ती म्हणायला सुरुवात केली. गल्लीबोळाला ती उत्तम, पण घाटात टनाचा माल घेऊन तिला छळू नये. (आमच्या सासूबाई तिन्हींना टेम्पोच म्हणतात. टेम्पो हे एका जर्मन कंपनीचं नाव होतं, आकुर्डीच्या बजाज टेम्पोमुळे ते आपल्या तोंडी बसलं ते बसलंच.) माझा नियम एवढाच: तुमच्या गावापासून दहा किलोमीटरच्या आत ज्या गाडीचा मिस्त्री आहे, ती गाडी घ्या. आधी मिस्त्री शोधा, मग गाडी. आणि मिस्त्री तो, जो तुम्हाला शेजारी उभं राहू देतो. "तुम्ही जा वहिनी, संध्याकाळी या" म्हणणाऱ्याकडे मी गाडी सोडत नाही.

शेजारी उभं राहण्याचा फायदा सांगते. डिझेलचा काटा आमच्या गाडीचा केव्हाचाच मेलाय. मी किलोमीटर मोजून डिझेल भरते. मागच्या वर्षी मोजणी चुकली आणि लोणी काळभोरच्या पुढं, बाणेरला द्यायचे साठ अरेका पाम मागं डोलत असताना, गाडी आचके देऊन बंद पडली. कॅनमधून डिझेल आणून ओतलं, तरी स्टार्ट होईना. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते आणि डिझेलच्या इंजिनाला हवा चालत नाही. अशा वेळी सेल्फ मारत बसायचं नाही, बॅटरी जाते. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू असतो, तो दोन फेरे सैल करायचा. मग हातानं दाबायचा छोटा पंप असतो, तो अंगठ्यानं दाबत राहायचं. पहिल्यांदा नुसतं फुस्स, मग साबणाच्या फेसासारखे बुडबुडे, मग बुडबुड्यांत डिझेल, आणि पाचेक मिनिटांनी एकसंध, बुडबुड्याशिवायची धार. धार आली की पंप दाबत असतानाच स्क्रू आवळायचा, आधी सोडला तर हवा परत आत. अंगठा दोन दिवस दुखला, पण गाडी दुसऱ्या सेल्फला लागली. मिस्त्रीनं हे माझ्यासमोर दोनदा केलं होतं, म्हणून मला जमलं.

देखभालीचं फार पुराण नाही. पंधरा दिवसांनी ग्रीस, विशेषतः क्रॉसला आणि पाट्यांना. ग्रीस भरायचं निपल मातीनं बुजलेलं असेल तर ग्रीस बाहेरच येतं, म्हणून आधी पुसा. ऑईल आणि डिझेल फिल्टर वेळेवर. बॅटरीच्या टोकांवर पांढरं फूल आलं की गरम पाणी. मी चुकले ते गंजाच्या बाबतीत. रोपं भरली की त्यांना वरून पाणी मारायचं, ही नर्सरीवाल्यांची सवय. तीन वर्षं ते पाणी हौद्यातून चासीत झिरपत होतं आणि मी रोपं टवटवीत दिसतात म्हणून खूश. २०१९ मध्ये एक आडवी पट्टी बदलावी लागली. आता पाणी आधी, रोपं निथळू द्यायची, मग भरायची. हौद्याला चारी कोपऱ्यांत बोटाएवढी भोकं पाडून घेतलीत आणि पावसाळा संपला की खालून धुऊन, दोन दिवस उन्हात उभी करून रंग मारते. पासिंगला मी गाडी नेहमी आठवडाभर आधी तयार करते. दिवे गावातल्या आरटीओच्या २५० मीटरच्या ट्रॅकवर ब्रेक बघतात तेव्हा कुठलंही देवाचं नाव उपयोगी पडत नाही. दिवे, हॉर्न, वायपर, रेडियम पट्ट्या, सगळं चालू हवं.

पिकअप दारात आली की ती एकट्याची राहत नाही, याची मनाची तयारी ठेवा. गणपती आणायला, रुखवताचं सामान न्यायला, शाळेचे बाक, आजारी कालवड, सगळ्यांना तीच आठवते. मी देते, डिझेल त्यांचं आणि चालवणार आमचंच माणूस. माणसं मात्र हौद्यात बसवू देत नाही. जेजुरीला जाताना बसू दिलं नाही, त्यावरून जाऊबाई दोन वर्षं बोलत नव्हत्या. पण मालवाहू गाडीच्या विम्यात हौद्यातली माणसं धरत नाहीत, आणि वळणावर फाळक्याची कडी निसटली तर काय होतं ते मी एकदा पोत्यांच्या बाबतीत बघितलंय.

परवा त्या गृहस्थांचा फोन आला. मागं इंजिनचा आवाज.

"ताई, शिंदवणे घाटात आहे. वीस गोण्या भरल्यात. कागद बघितले, पेन्सिलनं नंबर काढला, हातोडीही मारली."

"आवाज काय आला?"

"ठणठणीत. एका जागी जरासा भद, पण मिस्त्री म्हणाला तेवढं होऊन जाईल. चढलीय छान. फक्त पाण्याचा काटा वर गेलाय, लाल रेघेच्या जवळ. रेडिएटरचं झाकण उघडून बघू का?"

"अजिबात हात लावू नका! तोंड भाजेल. इंजिन चालू ठेवा, सावलीला घ्या, पंख्याचा पट्टा सैल आहे का तेवढं लांबूनच बघा. अर्ध्या तासानं फोन करा. आणि पैसे अजून दिले नाहीत ना?"